गिनीपिगांमधील श्वसनसंसर्ग

पाळीव गिनीपिगांच्या (काव्हिया पोर्सेलस) नाक, श्वासनाल व फुप्फुसांना जिवाणू किंवा विषाणूंमुळे होणारे रोग. पाळीव गिनीपिगांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते. बॉर्डेटेला ब्राँकिसेप्टिका व स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए हे दोन जिवाणू सर्वांत महत्त्वाचे आहेत. स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस, क्लेब्सिएला न्यूमोनिए आणि गिनीपिगाचा ॲडिनोव्हायरस हे त्यांच्या खालोखाल येतात. क्लॅमिडिया काव्हिए हा मुख्यतः डोळे येण्यास कारण होतो. त्याच्यासोबत नाकही वाहू शकते.

शरीररचना : गिनीपिग जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. त्यामुळे माणसात किरकोळ ठरणारे चोंदलेले नाक या प्राण्यात श्वास आणि अन्न दोन्ही अडवते. वास न आल्याने व श्वास घेता घेता चावता न आल्याने तो खाणे सोडतो. त्याचे आतडे सतत चालू राहणाऱ्या तंतुमय आहारावर अवलंबून असल्याने पोटाची हालचाल एक-दोन दिवसांत मंदावते. न्यूमोनिया झालेला गिनीपिग पुष्कळदा फुप्फुसाइतकाच उपासाने मरतो. उजव्या फुप्फुसाला चार व डाव्याला तीन खंड असतात. श्वासवाहिन्यांच्या भिंतींत गुळगुळीत स्नायूंचे प्रमाण मोठे असल्याने त्या चटकन आकुंचन पावतात. दम्याच्या संशोधनात हा प्राणी वापरला जाण्याचे हे एक कारण आहे. घशातून मध्यकर्णात जाणाऱ्या नळीवाटे संसर्ग कानामागील हाडाच्या पोकळीत शिरतो, म्हणून जुन्या रुग्णांत मान एका बाजूला कललेली आढळते.

बॉर्डेटेलाचा शोध व त्याविषयीचा वाद : न्यूटन फेरी यांनी १९१० च्या सुमारास अमेरिकेत कुत्र्यांच्या ‘डिस्टेंपर’ या घातक सांसर्गिक रोगाचा अभ्यास करताना श्वासनालेतून एक ग्रामऋण (ग्राम रंजन पद्धतीत जांभळा रंग न धरणारा) दंडाणू, म्हणजे आजचा बॉर्डेटेला ब्राँकिसेप्टिका, मिळवला व तोच रोगाचे कारण असल्याचे मांडले. जे. पी. मॅकगोवन यांनी १९११ मध्ये प्रयोगशाळेतील कुत्री, मांजरे व इतर प्राण्यांमध्ये पसरलेल्या साथीत असाच जिवाणू आढळल्याचे नोंदवले. त्यामुळे शोधाचे श्रेय दोघांत विभागून देण्याची प्रथा काही ग्रंथांत आहे. फेरी यांचे प्राथमिक निवेदन आधीचे असल्याने त्यांना अग्रक्रम देणे अधिक योग्य वाटते. डिस्टेंपरविषयीचा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. आंरी कारे यांनी १९०५ मध्येच हा रोग सूक्ष्म गाळणीतून पार होणाऱ्या घटकामुळे होतो असे म्हटले होते, आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅट्रिक लेडलॉ व जी. डब्ल्यू. डंकिन यांच्या कामाने विषाणूचे कारणत्व सर्वमान्य झाले. जिवाणू हा दुय्यम आक्रमक ठरला.

गिनीपिगाच्या बाबतीत हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. थिओबाल्ड स्मिथ यांनी १९१३ मध्ये गिनीपिगांतील न्यूमोनियाचा अभ्यास करताना जिवाणूबरोबर सभोवतालच्या परिस्थितीलाही कारणांत जागा दिली. पुढे दोन मते राहिली. एका मताप्रमाणे हा जिवाणू स्वतंत्रपणे रोग करतो, कारण त्याचा शुद्ध संवर्ध (प्रयोगशाळेत वेगळा काढून वाढवलेला जिवाणू) नाकावाटे दिल्यास न्यूमोनिया निर्माण करता येतो. दुसऱ्या मताप्रमाणे तो संधिसाधू आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या कित्येक गिनीपिगांच्या नाकातही तो सापडतो. ज्या कळपात हा जिवाणू प्रथमच शिरतो तेथे तो मोठी जीवितहानी करतो आणि जेथे रुळलेला असतो तेथे अधूनमधून एखादा प्राणी दगावतो, हे पाहता पहिले मत जास्त समाधानकारक आहे. ताण, थंडी व कुपोषण ही त्याची वाट मोकळी करतात. पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातला निष्कर्ष एकच : निरोगी दिसणारा नवा गिनीपिगही वाहक असू शकतो.

वर्गीकरणात हा जिवाणू अनेक प्रजातींमध्ये फिरला. १९५२ मध्ये मोरेनो-लोपेझ यांनी झ्यूल बॉर्दे यांच्या सन्मानार्थ बॉर्डेटेला ही प्रजाती केली व तो तेथे स्थिरावला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकक्रमाच्या तुलनेनुसार माणसातील डांग्या खोकल्याचा जिवाणू अशाच एखाद्या पूर्वजापासून आला असावा.

प्रसार : शिंका-खोकल्यातील तुषार, थेट स्पर्श, पाण्याची बाटली, अन्नाचे भांडे व हाताळणाऱ्याचे हात यांवाटे प्रसार होतो. बॉर्डेटेलाचा अधिशयनकाल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) साधारण ५ ते ७ दिवस असतो. ससे, कुत्री व मांजरे यांच्यात हा जिवाणू पुष्कळदा लक्षणांविना राहतो. गिनीपिग व ससा एकाच पिंजऱ्यात ठेवण्याची पद्धत दुकानांत व घरांत सर्रास दिसते. सशासाठी निरुपद्रवी असलेला जिवाणू शेजारच्या गिनीपिगाचा जीव घेतो, म्हणून ती सोडून द्यावी. कुत्र्यांना नाकात दिली जाणारी केनेल कफची (कुत्र्यांच्या सांसर्गिक खोकल्याची) जिवंत लस, जिच्यात हाच जिवाणू असतो, गिनीपिगाला कधीही देऊ नये. लस नुकतीच दिलेला कुत्राही काही आठवडे दूर ठेवणे शहाणपणाचे आहे. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए माणसाच्या घशातही राहतो, त्यामुळे घरात कोणाला सर्दी-खोकला असताना पिंजरा दुसऱ्याने साफ करावा.

पोषक परिस्थिती : मानवाप्रमाणे गिनीपिगाच्या यकृतातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ॲक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये नॉर्वेत या प्राण्यात स्कर्व्ही निर्माण करून दाखवला, तो याच उणिवेमुळे. कमतरतेत श्लेष्मल त्वचा दुबळी होते व संसर्ग खोलवर जातो. निरोगी प्राण्याला दर किलो वजनास रोज १० ते ३० मिग्रॅ., आजारी वा गाभण मादीस त्याहून अधिक लागते. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व प्रकाश, धातू व क्लोरीनमुळे काही तासांतच घटते, शिवाय चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. गोळी-खाद्यातील प्रमाणही उत्पादनानंतर सुमारे ९० दिवसांत बरेच उतरते. ढोबळी मिरची, कोथिंबीर व पेरूच्या लहान फोडी हा भरवशाचा मार्ग. रोजचा मुख्य चारा हरळीसारखे स्वच्छ गवत किंवा सुके गवत असावा. प्रौढांना लसूणघास रोज देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम जास्त असते.

तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअस व आर्द्रता ४० ते ६० टक्के ठीक. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता यापेक्षा पुष्कळ वर जाते. ओलसर अंथरूण, बुरशी धरलेले गवत आणि लघवीतून सुटणारा अमोनिया या तिन्हींमुळे श्वसनमार्गातील केसतंतूंचे काम बिघडते. पिंजऱ्यापाशी वाकल्यावर अमोनियाचा वास माणसाला जाणवत असेल, तर जमिनीलगत श्वास घेणाऱ्या प्राण्याला तो आधीपासून त्रास देत असतो. देवदार व कच्च्या पाइनचा भुसा, अगरबत्ती, डासांच्या वड्या आणि एसीचा थेट झोत टाळावा.

लक्षणे : पहिले चिन्ह बहुधा वजनातील घट असते, म्हणून स्वयंपाकघरातील काट्यावर आठवड्यातून एकदा व आजारात रोज वजन घ्यावे. सुमारे किलोभर वजनाच्या प्राण्यात ५० ग्रॅ. घट दखलपात्र आहे. त्यानंतर फुललेले केस, कोपऱ्यात आखडून बसणे, अर्धवट मिटलेले डोळे, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव व पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे चिकटलेले केस दिसतात. विश्रांतीत श्वासाचा वेग मिनिटाला साधारण ४० ते १०० असतो. कुशी आत-बाहेर ओढून घेतलेला श्वास वा घरघर गंभीर समजावी. तोंड उघडून श्वास घेणे ही तातडीची वेळ आहे. गाभण मादीत गर्भपात होऊ शकतो. काही प्राणी लक्षणे न दाखवताच मेलेले आढळतात. ताप नसणे हे संसर्ग नसल्याचे लक्षण मानू नये.

डोळ्यांतून अधूनमधून येणारा दुधी द्रव मात्र स्वाभाविक आहे. प्राणी तो चेहरा धुण्यासाठी वापरतो.

निदान : नाकातील स्रावाचा संवर्ध व प्रतिजैविक संवेदनक्षमता (कोणते प्रतिजैविक लागू पडते ते) तपासतात. बॉर्डेटेला सावकाश वाढत असल्याने ४८ तास थांबावे लागते. नाकातील जिवाणू हाच फुप्फुसातील असेल असे नाही. एक्स-रे दोन दिशांनी घ्यावा. तीन वर्षांवरील गिनीपिगात फुप्फुसातील गाठ, हृदयविकार व दाताच्या मुळाचा गळू यांची लक्षणे अशीच असतात. २८ अंशांवरील उन्हाळी दिवसांत उष्माघातही ध्यानात घ्यावा. शवविच्छेदनात बॉर्डेटेलाने फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग गडद व घट्ट होतो, तर न्यूमोकॉकसने (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिएने) फुप्फुसावरण व हृदयावरणावर फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचा थर बसतो. ॲडिनोव्हायरसची प्रथम नोंद १९८१ मध्ये जर्मनीतून झाली. त्यात थोडेच प्राणी आजारी पडतात, पण पडलेल्यांपैकी बहुतेक मरतात. खात्री पीसीआरने (विषाणूची जनुकद्रव्ये ओळखणाऱ्या चाचणीने) होते.

उपचार : पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही औषधे, विशेषतः तोंडावाटे, गिनीपिगाला प्राणघातक ठरू शकतात. ती आतड्यातील नेहमीचे जिवाणू मारतात, क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत मृत्यू येतो. पेनिसिलीनचा हा दुष्परिणाम १९४३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तरीही घरातील मुलाचे उरलेले अमॉक्सिसिलीनचे सिरप पाजून दगावलेले गिनीपिग आजही पाहण्यात येतात.

पशुवैद्य सामान्यतः एन्रोफ्लॉक्सासिन (दर किलोस ५ ते १० मिग्रॅ., दर १२ तासांनी) किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा (१५ ते ३० मिग्रॅ., दर १२ तासांनी) देतात. न्यूमोकॉकसवर एन्रोफ्लॉक्सासिन एकटे पुरे पडत नाही, तेव्हा क्लोरँफेनिकॉल किंवा ॲझिथ्रोमायसिनचा विचार होतो. वाढत्या पिलात एन्रोफ्लॉक्सासिनने कूर्चेला अपाय होऊ शकतो. ते त्वचेखाली टोचायचे तर पातळ करून, नाहीतर जागा सडते. उपचार किमान दोन, बहुधा तीन आठवडे चालतात. चौथ्या-पाचव्या दिवशी प्राणी खाऊ लागला म्हणून औषध थांबवणे हे रोग उलटण्याचे नेहमीचे कारण आहे.

औषधाइतकेच महत्त्व खाऊ घालण्याला आहे. गोळी-खाद्य दळून कोमट पाण्यात भिजवावे व पेज करून सुई नसलेल्या सिरिंजने दर तीन-चार तासांनी भरवावे. दिवसाला दर किलोस ५० ते ८० मिलि. लागते. प्राण्याला उताणे धरू नये. सिरिंज गालाच्या बाजूने, पुढच्या दातांमागील फटीतून घालावी व एका वेळी अर्धा ते एक मिलि. देऊन चावू द्यावे. घाई केल्यास पेज श्वासनालेत जाते. नाक आधी कोमट ओल्या कापसाने मोकळे करावे. सलाइनचे नेब्युलायझर १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा दिल्यास कफ सुटतो. श्वास कष्टाचा असल्यास प्रथम ऑक्सिजन द्यावा. एक्स-रे व रक्तासाठी धरपकड नंतर.

प्रतिबंध : नवा गिनीपिग वेगळ्या खोलीत दोन ते तीन आठवडे ठेवावा व त्याची भांडी वेगळी असावीत. रोज जुन्या प्राण्यांची कामे आधी, नव्याची शेवटी करावी. आजारी प्राण्याचा पिंजरा साबणाने धुऊन मग ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण एकास तीस प्रमाणात पाण्यात मिसळून लावावे. ते १० मिनिटे राहू द्यावे, स्वच्छ पाण्याने धुवावे व पिंजरा पूर्ण वाळल्यावरच वापरावा. न धुता लावलेले द्रावण लेंड्या व लघवीच्या थरावर वाया जाते. गिनीपिग कळपाने राहणारा असल्याने दीर्घ विलगीकरणात तो खचतो. सोबती आधीच संसर्गाच्या संपर्कात आला असेल, तर त्याला तपासून दोघांना एकत्र ठेवण्याकडे अनेक पशुवैद्यांचा कल असतो.

माणसाला बॉर्डेटेला ब्राँकिसेप्टिकाचा संसर्ग क्वचित होतो, तोही मुख्यतः प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना. अशा व्यक्तींनी आजारी प्राण्याची शुश्रूषा दुसऱ्यावर सोपवावी.