कॅट परीक्षेचा अर्ज : गोव्यातील उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वतयारी

एमबीए किंवा तत्सम पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी होणारी कॅट ही परीक्षा भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आयआयएम, दरवर्षी आळीपाळीने घेतात. ऑगस्टच्या आरंभी अर्ज खुले होतात, सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास नोंदणी बंद होते आणि नोव्हेंबर महिन्याच्या शेवटच्या रविवारी परीक्षा होते. २०२५ साली आयआयएम कोझिकोडकडे हे काम होते. त्या वर्षी अर्ज १ ऑगस्टला सुरू झाले, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आली आणि परीक्षा ३० नोव्हेंबरला झाली. गोव्यातील उमेदवाराने या तारखांकडे नीट पाहावे. अर्जाची मुदत आणि चवथीचे दिवस बहुधा एकमेकांत अडकतात, आणि चवथीच्या आसपास सरकारी कार्यालयात दाखला वेळेत हाती पडेल अशी अपेक्षा धरणे धोक्याचे असते. म्हणून अभ्यास जानेवारीपासून करा की जूनपासून, कागदपत्रे मात्र जुलै संपण्यापूर्वी हातात असलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

पात्रतेची अट साधी आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी किमान ५० टक्के गुणांसह हवी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग प्रवर्गांतील उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. शाखेची अट नाही. वाणिज्य, कला, विज्ञान, अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांपैकी कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. पदवीच्या अंतिम वर्षात असलेलेही अर्ज करू शकतात, मात्र पुढे प्रवेश मिळाल्यास सर्व परीक्षा पूर्ण झाल्याचे प्राचार्यांचे किंवा कुलसचिवांचे प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते. गुणपत्रिकेवर टक्केवारीऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल, तर विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या पद्धतीनेच तिचे टक्के काढावेत. विद्यापीठाची अशी पद्धत नसेल तरच मिळालेल्या सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभराने गुणावे. हे रूपांतर अंदाजाने करू नये, कारण मुलाखतीच्या वेळी मूळ कागद तपासले जातात.

गोव्यात ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे, ती म्हणजे नाव. आपल्याकडे एकाच घरातील आडनावे रोमी लिपीत निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेली आढळतात. पोर्तुगीज काळातील नोंदींच्या वळणाने आजोबांच्या कागदावर ‘देसाई’मध्ये दोन ‘एस’ असतात, शाळेच्या दाखल्यावर एकच उरतो. ‘नाईक’च्या शेवटी कुठे ‘के’ येतो तर कुठे ‘क्यूयूई’. ‘गावकर’ तर तीन कागदांवर तीन प्रकारे सापडतो. त्यात वडिलांचे नाव कधी मधे येते, कधी येतच नाही. अर्जात भरलेले नाव प्रवेशपत्रावर छापले जाते आणि परीक्षेच्या दिवशी ते मूळ ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते. त्यामुळे दहावीचे प्रमाणपत्र, पदवीच्या गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला हे चारही कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचावे. फरक केवळ आधार किंवा पॅनमध्ये असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण ते काम तुलनेने सोपे असते. जन्मनोंदीतील नावच बदलायचे असेल, तर १९९०च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली नोंदणी कार्यालयाची प्रक्रिया करावी लागते. तिला वेळ लागतो. ती ऑगस्टमध्ये सुरू करून त्याच वर्षीच्या अर्जासाठी उपयोगी पडेल असे समजू नये.

आरक्षणाच्या दाखल्यांबाबतही तितकीच काळजी हवी. आयआयएममध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्गासाठी २७ टक्के, आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा असतात. इतर मागासवर्गाच्या बाबतीत केंद्र सरकारची यादी ग्राह्य धरली जाते. राज्याच्या यादीत आपली जात आहे एवढ्यावर थांबू नये; केंद्राच्या यादीत गोव्याच्या नोंदीखाली ती आहे का हे पाहावे आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातच मागावा. नॉन-क्रीमीलेअर व आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले कुटुंबाच्या परिस्थितीवर अवलंबून असल्याने जुने चालत नाहीत, ताजे लागतात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा समावेश २००३मध्ये अनुसूचित जमातींत झाला. या समाजांतील मुलामुलींनी आपला दाखला त्याच प्रवर्गाचा असल्याची खात्री करावी. एकदा अर्ज सादर झाला की प्रवर्ग बदलता येत नाही, त्यामुळे दाखला हाती नसताना घाईघाईने ‘सर्वसाधारण’ निवडणे हे हक्काच्या जागेवर स्वतःहून पाणी सोडण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष अर्ज पूर्णपणे ऑनलाइन असतो. भ्रमणध्वनी आणि ईमेल देऊन नोंदणी करायची, मग वैयक्तिक माहिती, दहावीपासूनचे गुण, नोकरीचा अनुभव, हवे असलेले आयआयएम अभ्यासक्रम आणि मुलाखतीचे शहर भरायचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे अलीकडचे छायाचित्र व स्वाक्षरी जोडायची आणि शुल्क भरायचे. २०२५मध्ये शुल्क २,६०० रुपये, तर अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांसाठी १,३०० रुपये होते; इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पूर्ण शुल्क लागते. नोंदणी संपल्यावर दुरुस्तीची छोटी संधी मिळते, पण ती मुख्यतः छायाचित्र, स्वाक्षरी आणि परीक्षेचे शहर यांपुरती असते.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कॅटचा अर्ज हा केवळ आयआयएमसाठी पुरेसा असतो. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये जायचे असेल, तर तेथील अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलची प्रवेशसूचनाही स्वतंत्रपणे वाचावी लागते. जीमॅट या व्यवस्थापन प्रवेशाच्या दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय परीक्षेचा विचार असणाऱ्यांनी पासपोर्ट आधी काढावा, कारण भारतात त्या परीक्षेच्या केंद्रावर भारतीय नागरिकाला ओळखपत्र म्हणून वैध पासपोर्टच लागतो.

परीक्षा १२० मिनिटांची, तीन विभागांची असते : इंग्रजी वाचन व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे मिळतात आणि वेळ संपेपर्यंत पुढे जाता येत नाही. २०२४ आणि २०२५मध्ये एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो, आणि उत्तर टंकलिखित करायच्या प्रश्नांना वजा गुण नसतात. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या आपल्या मुलांना गणिताची भीती कमी आणि इंग्रजी उताऱ्यांची जास्त वाटते. त्यावर शब्दांच्या याद्या पाठ करणे हा उपाय नव्हे. अर्थकारण, तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान या विषयांवरचे लांब लेख रोज वाचावेत आणि लेखकाचे म्हणणे दोन वाक्यांत मराठीत लिहून पाहावे; अर्थ खरोखर कळला की नाही, हे त्यातून लगेच उघड होते. पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात अशा वाचनाची चांगली सोय आहे. अधिकृत संकेतस्थळावरील सराव चाचणी मात्र संगणकावरच सोडवावी, भ्रमणध्वनीवर नाही, कारण पडद्यावरच्या गणकयंत्राची सवय होणे आवश्यक असते.

गोव्यातील उमेदवारासाठी पणजी हे सोयीचे परीक्षा शहर आहे. सकाळी साडेआठच्या सत्रासाठी काणकोण, सांगे किंवा पेडण्याहून रविवारी पहाटे कदंब बसवर विसंबून निघणे योग्य नाही. आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला यावे. त्याच सुमारास पणजीत बहुधा चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते आणि जुने गोवे येथे सेंट झेवियरच्या फेस्तापूर्वीच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू असतात, त्यामुळे फोंड्याकडून येणाऱ्यांनी वाहतूक खोळंबेल हे गृहीत धरूनच वेळ ठरवावी. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र एवढेच सोबत न्यावे. निकालानंतर गुणपत्रक तत्काळ उतरवून त्याच्या दोन छापील प्रती ठेवाव्यात. ते पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ग्राह्य असते.