उंच बॉक्सरचे डावपेच (कमी उंचीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध)

बॉक्सिंगमध्ये वजनगट एकच असला तरी दोघांची उंची सारखी असेलच असं नाही, आणि एकजण चांगलाच उंच व दुसरा ठेंगणा असेल तर उंच बॉक्सरनं लढत कशी चालवायची याचं एक वेगळं तंत्र आहे, ही नोंद त्याबद्दल. बघणाऱ्याला वाटतं उंच माणसाचे हात लांब म्हणजे त्याचं काम सोपं, पण तसं नसतं. वजन तेवढंच असल्यामुळे ठेंगणा बॉक्सर बहुतेक वेळा जास्त भरीव असतो, खांदे, मान, मांड्या सगळं दणकट, त्याचे आखूड हात जवळून पटापट हुक (कोपर वाकवून बाजूनं घातलेले ठोसे) मारतात आणि तो एकदा छातीशी येऊन भिडला की लांब हातांना ठोसा मारायला जागाच उरत नाही. म्हणून उंच बॉक्सरचं सगळं गणित अंतरावर चालतं. आपला ठोसा पोचेल पण त्याचा पोचणार नाही एवढं अंतर राउंडभर टिकवायचं, आणि ते नुसत्या उंचीनं टिकत नाही, डाव्या हातानं आणि पायांनी टिकतं.

इथे उंचीपेक्षा रीच जास्त महत्त्वाचा. रीच म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप. ८ जून २००२ ला मेम्फिसला लेनॉक्स लुईस आणि माइक टायसन समोरासमोर आले तेव्हा लुईस ६ फूट ५ इंच आणि टायसन ५ फूट १० इंच, पण रीच ८४ इंच विरुद्ध ७१ इंच, म्हणजे उंचीत ७ इंचांचा फरक आणि रीचमध्ये १३ इंचांचा.

पहिलं हत्यार अर्थातच जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. उंच बॉक्सरचा जॅब नुसता पॉइंट मिळवायला नसतो, समोरचा आत शिरायला पाऊल उचलतो तेवढ्यात त्याला थांबवायला असतो, त्यामुळे तो सतत आणि वेगवेगळ्या वेगानं मारावा लागतो, एक हलका, एक जड, मग लागोपाठ दोन. यातली खरी अडचण फार कमी लोक सांगतात. ठोसा खाली मारावा लागला की खांदा हनुवटीच्या खाली जातो आणि हनुवटी उघडी पडते, ठेंगणा बॉक्सर नेमकी त्याचीच वाट बघत असतो, जॅबच्या वरून उजवा हात फिरवून आणतो. यावर उपाय म्हणजे कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली बसायचं, हनुवटी खांद्यामागे ठेवायची आणि हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परत आणायचा, खाली पाडायचा नाही. छातीवर मारलेला जॅबही फार कामाचा, कारण ठेंगणा बॉक्सर डोकं सारखं हलवत असतो पण छाती तेवढी हलत नाही.

पायांचा भाग शिकायला सगळ्यात अवघड असं माझं मत आहे. घाबरलेला उंच बॉक्सर सरळ मागे जातो, आणि ऑलिम्पिक पद्धतीची रिंग दोरांच्या आत ६.१० मीटरचीच असते, दोनतीन मोठ्या पावलांत पाठ दोराला लागते, मग उंचीचा काही उपयोग नाही. म्हणून एक पाऊल मागे, लगेच बाजूला वळण, आणि वळताना एक ठोसा, असं चालावं लागतं. समोरच्याला दर वेळी नव्यानं दिशा बदलायला लावली की त्याचा जोर वाया जातो.

तो आत शिरलाच तर मग अपरकट. ठेंगणा बॉक्सर वाकून, डोकं खाली घालून येतो, त्यामुळे खालून वर येणारा ठोसा त्याच्या वाटेवरच असतो. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टन, जमैकामध्ये जॉर्ज फोरमननं जो फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं, त्यात फोरमन दोन्ही हातांनी फ्रेझरला खांद्याला धरून मागे ढकलायचा आणि अंतर मिळालं की खालून ठोसा घालायचा. पण अपरकट मारताना हात खाली जातो आणि त्या बाजूचा गाल उघडा पडतो. ८ मार्च १९७१ च्या मुहम्मद अली-फ्रेझर लढतीत हेच झालं, फ्रेझरच्या कोचांपैकी एडी फचनं आधीच हेरलं होतं की अली अपरकटला उजवा हात खाली आणतो, आणि पंधराव्या राउंडला फ्रेझरचा डावा हुक तिथेच बसला, अली खाली पडला आणि लढतही हरला. म्हणून अपरकट नीट गुडघ्यात बसून आणि दुसरा हात गालाला लावूनच मारायचा.

त्यानंतर येतो क्लिंच, म्हणजे समोरच्याला मिठी मारून त्याचे हात अडकवणं. प्रेक्षकांना हे आवडत नाही, पण मला हा पूर्णपणे कौशल्याचा भाग वाटतो, कारण उंच बॉक्सर क्लिंचमध्ये आपलं वजन वरून टाकतो आणि ते वजन पेलून ठेंगण्याचे पाय दमतात. लुईसनं टायसनला असंच थकवलं, जॅब, उजवा, मिठी, परत जॅब, चौथ्या राउंडला ढकलल्याबद्दल रेफरीनं लुईसचा पॉइंटही कापला, आणि आठव्या राउंडला उजव्या ठोशानं नॉकआउट. या डावाची हद्द व्लादिमीर क्लिच्कोनं दाखवली. २००४ ला लेमन ब्रूस्टरकडून हरल्यावर कोच इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली त्यानं जॅब, उजवा आणि क्लिंच एवढ्यावरच आपला सगळा खेळ बसवला आणि मग २०१५ पर्यंत तो हरला नाही, पण ५ ऑक्टोबर २०१३ ला मॉस्कोत अलेक्झांडर पोवेत्किनवर तो इतका रेलला की लढत मोठ्या फरकानं जिंकूनही अकराव्या राउंडला पॉइंट गेला. धरणं, मानेवर दाबणं, ढकलणं हे नियमात फाउलच आहे, रेफरी किती चालवून घेतो त्यावर सगळं.

डावपेच माहीत असूनही मोडतात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण १५ एप्रिल १९८५ चं. टॉमी हर्न्स ६ फूट १ इंच, रीच ७८ इंच, त्याच स्टीवर्डच्या डेट्रॉइटमधल्या क्रॉंक जिमचा, आणि वर्षभर आधी त्यानं रॉबर्टो दुरानला दोन राउंडमध्ये संपवलेलं. मार्विन हॅगलर त्याच्यापेक्षा बुटका, पहिल्या घंटेलाच अंगावर धावून आला आणि हर्न्स अंतर ठेवायचं सोडून त्याच्याशी उभ्या उभ्या मारामारी करत बसला, पहिल्याच राउंडला उजवा हात मोडला आणि तिसऱ्याला लढत संपली. तो पहिला राउंड बॉक्सिंगमधल्या सगळ्यात थरारक राउंडपैकी मानतात, पण उंच बॉक्सरनं काय करू नये हे शिकायचं असेल तर तोच बघावा.

मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांडर उसिकनं तर वेगळाच धडा दिला. टायसन फ्युरी ६ फूट ९ इंच, उसिक ६ फूट ३ इंच. मधल्या राउंडमध्ये फ्युरीच्या अपरकटनी उसिकला जेरीस आणलं होतं, पण उसिकचे पाय थांबले नाहीत, नवव्या राउंडला फ्युरी दोरांवर कोलमडता कोलमडता वाचला आणि स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे जजेसचं एकमत नसताना बहुमतानं, हरला.

आपल्याकडे याची दोन्ही टोकं बघायला मिळतात. लवलीना बोर्गोहाईं तेव्हाच्या ६९ किलो गटात उंच होती, टोकियो ऑलिम्पिकच्या क्वार्टर फायनलला तिनं तैवानच्या चेन निएन-चिनला ४-१ नं हरवून पदक पक्कं केलं, आणि याच चेनकडून ती २०१८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला हरली होती. उलट मेरी कोम, लंडन २०१२ ला महिलांचा सगळ्यात खालचा गटच ५१ किलोचा होता म्हणून तिला आपल्या नेहमीच्या गटाच्या वर खेळावं लागलं, सेमीफायनलला तिच्यापेक्षा उंच निकोला ॲडम्सनं तिला ११-६ नं हरवलं.

सरावात कोच हातातले पॅड (ठोसे झेलायच्या गाद्या) मुद्दाम छातीच्या उंचीवर धरतात, म्हणजे गुडघ्यात बसून मारायची सवय लागते. स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, ठेंगणा, दाबून खेळणारा जोडीदार देतात, आणि काही राउंड पाठ दोराला लावूनच सुरू करतात, तिथून धरून, वळून, जॅब मारत परत रिंगच्या मध्यात यायचं.