हार्ड डिस्कचं नवं तंत्र आणि उरलेल्या तीन कंपन्या : पार्श्वभूमी

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एकेकाळी डझनावारी होत्या, आज जगात सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच आहेत. १९९७ मध्ये नव्या प्रकारचे हेड (माहिती वाचणारे-लिहिणारे भाग) आले, २००५ मध्ये तबकडीवर माहिती आडवी न लिहिता उभी लिहिणं सुरू झालं. प्रत्येक वेळी कारखान्याचा खर्च वाढला आणि ज्यांना तो पेलला नाही त्यांनी धंदा विकला. २०१२ पर्यंत ही विक्री संपली. त्याच्या आदल्या वर्षी थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि भाववाढीची झळ मराठवाड्यातल्या दुकानांपर्यंत आली.

खरा वाद त्यानंतरचा. २०१३ मध्ये एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) डिस्क बाजारात आल्या. यात ट्रॅक, म्हणजे तबकडीवरच्या माहितीच्या गोल पट्ट्या, कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवतात. तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावते, हेड कमी लागतात, कंपनीचा पैसा वाचतो. पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्या पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. बॅकअप घेऊन कपाटात ठेवायच्या डिस्कला हे चालतं. नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कच्या साठवण-पेटीत, मात्र एक डिस्क बदलली की नव्या डिस्कवर तासन्‌तास सलग लिहिलं जातं. एसएमआर डिस्क तिथे मागे पडते आणि यंत्रणा तिला बिघडलेली समजून बाहेर काढू शकते.

एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या (टेराबाइटच्या) काही डिस्कमध्येही एसएमआर होतं, आणि ग्राहकाला ते सांगितलेलं नव्हतं. आमच्या नॅस डिस्कमध्ये ते नाही, असं सीगेटने लगेच जाहीर केलं. पण सीगेट आणि तोशिबा या दोघींनीही इतर डिस्कमध्ये गाजावाजा न करता तेच वापरलं होतं. छोट्या नॅसचा वापर हलका असतो, मागे राहिलेलं लिखाण उरकायला मधला रिकामा वेळ डिस्कला पुरतो, हा वेस्टर्न डिजिटलचा बचाव. तो पटत नाही. लातूरच्या क्लासमध्ये रोज लेक्चरचं रेकॉर्डिंग होतं, नांदेड-परभणीचे फोटोग्राफर लग्नसराईत एकामागून एक शूटिंग उतरवतात. त्यांच्या डिस्कला रिकामा वेळ कुठून मिळणार? २०२१ मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या दाव्यात २७ लाख डॉलरची तडजोड झाली, ती तिथल्या ग्राहकांपुरती. कंपनीने मालिकेचे एसएमआर असलेला आणि नसलेला असे दोन भाग केले, एवढाच इथल्या ग्राहकाचा फायदा.

पुढची स्पर्धा मोठ्या डेटा सेंटरसाठी आहे. सीगेटने जानेवारी २०२४ मध्ये ३० टीबीच्या पुढची डिस्क जाहीर केली. त्यात लिहिणं सोपं जावं म्हणून लेझर तबकडीवरचा ठिपका क्षणभर ४०० अंशांवर तापवतो. वेस्टर्न डिजिटलने २०१७ मध्ये लेझरऐवजी मायक्रोवेव्हच्या मदतीने लिहिण्याचा मार्ग जाहीर केला, तो बाजूला ठेवला आणि एसएमआरच्याच जोरावर ३२ टीबी गाठले, या वेळी उघडपणे. तोशिबाने मायक्रोवेव्ह धरून ठेवलं. संभाजीनगर, जालन्याच्या दुकानांत अजूनही कमी टीबीच्याच डिस्क खपतात. नॅससाठी त्या घेताना बिल होण्याआधी मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासावा. ती यादी २०२० च्या वादानंतरच मिळाली.