विद्यापीठ नावाजलेलं, म्हणजे राज्यशास्त्राची पदवीही उत्तम?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: क्रमवारीत विद्यापीठ वर असेल, तर तिथली राज्यशास्त्राची पदवीही उत्तमच. तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण बहुतेक जागतिक क्रमवाऱ्यांत संशोधन आणि नावलौकिक यांना मोठं वजन असतं. पहिल्या वर्षाचा वर्ग कोण आणि कसा घेतं, हे त्यातून कळत नाही. मग तपासायचं कसं? आधी अभ्यासक्रम उघडा. राजकीय सिद्धांत, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय जवळपास सगळीकडे सापडतील. संशोधनपद्धती सक्तीची आहे का, ते बघा. (मला तरी हीच खरी खूण वाटते.) मूळ ग्रंथ वाचायला लावतात की नुसत्या नोट्स? निबंध शेऱ्यांसह परत मिळतो का? हे माहितीपत्रकात नसतं. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारा.