सबसिस्टमची लायब्ररी-लिंक आणि ‘डिसेबल’ची सवलत : पार्श्वभूमी

अ‍ॅनालॉग संगणकाच्या पॅचबोर्डावर (तारा खोचून गणित जोडायच्या फळीवर) तीच रचना दुसऱ्या जागीही हवी असेल तर तारा पुन्हा ओवाव्या लागत. पुढे डिजिटल सिम्युलेशन भाषांत मॅक्रो (पुन्हा वापरता येणारे आज्ञांचे गट) आले आणि १९९० च्या दशकात सिम्युलिंकसारख्या, यंत्रणांची मॉडेलं संगणकावर चालवणाऱ्या साधनांनी माऊसने ओढायचे ब्लॉक दिले. दुरुस्तीनंतरही एखादा ब्लॉक जुनाच राहिला अशा ज्या तक्रारी आज लॅबमध्ये येतात त्यांचं मूळ मात्र त्यानंतरच्या एका निर्णयात आहे: लायब्ररीतून (तयार ब्लॉकांच्या सामायिक फाइलमधून) घेतलेला ब्लॉक मूळ ब्लॉकशी जोडलेला राहील, पण वापरणाऱ्याला ती लिंक बंद करता येईल.

सोलापुरातल्या यंत्रमागाची एक अश्वशक्तीची, चार पोलची मोटर घ्या. ५० हर्ट्झला तिचा सिंक्रोनस वेग १५०० आरपीएम. मोटर, पट्टा आणि मागाचं जडत्व एका सबसिस्टममध्ये (अनेक ब्लॉकांच्या एकत्र गटात) बांधून, मास्क (पॅरामीटर भरायची बाहेरची खिडकी) लावून लायब्ररीत ठेवलं, की वीस मागांच्या शेडचं मॉडेल म्हणजे एकाच ब्लॉकच्या वीस लिंक. सातव्या मागाला वेगळा भार हवा म्हणून कुणी ‘डिसेबल लिंक’ करून आतला गेन (गुणक) बदलतो. महिन्याने लायब्ररीत घर्षणाचं सूत्र दुरुस्त होतं. एकोणीस माग सुधारतात, सातवा जुनंच सूत्र चालवतो आणि संशय घेतला जातो सॉल्व्हरवर (समीकरणं सोडवणाऱ्या भागावर). खरं तर भार मास्कचा पॅरामीटर केला असता तर लिंक बंद करायची गरजच नव्हती; मास्कमधल्या किमती प्रत्येक ब्लॉकच्या स्वतंत्र असतात.

नंतर बंद लिंक पुन्हा जोडायला, म्हणजे ‘रिझॉल्व्ह’ करायला गेलं की दोनच वाटा: ‘पुश’ केल्यास सातव्या मागाचा बदल लायब्ररीत जाऊन विसांनाही लागतो, ‘रिस्टोअर’ केल्यास तो पुसला जातो. म्हणून आधी प्रत्येक ब्लॉकचा ‘लिंकस्टेटस’ (लिंकची स्थिती) तपासावा. ‘इनॅक्टिव्ह’ (लिंक बंद) दिसला तर आतला फरक टिपून मगच पुढे जावं. लायब्ररीला ‘लॉक लिंक्स’ची सोय आहे, ती मेनूतून लिंक बंद होऊ देत नाही, आज्ञा देऊन मात्र बंद करता येते. हे कुलूप सुरुवातीपासून लावलेलं असायला हवं होतं.

लिंकमध्ये लायब्ररीचं नाव आणि आतला मार्ग असतो, फोल्डर नसतो. एकाच नावाच्या दोन फाइल असल्या तर पाथवर (फाइल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी सापडणारी लागते. त्या नावाची लायब्ररी मेमरीत आधीच उघडी असेल तर तीच. मास्कमध्ये घोषित करायचं राहिलेलं चल वर बेस वर्कस्पेसपर्यंत (त्या पीसीवरच्या सामायिक चलांच्या जागेपर्यंत) शोधलं जातं, त्यामुळे मॉडेल बनवणाऱ्याच्या पीसीवर चालतं आणि शेजारच्या पीसीवर त्रुटी देतं. आत ‘ग्लोबल’ गोटू टॅग (तार न ओढता सिग्नल नेणाऱ्या ब्लॉकाचं नाव) असेल तर दुसरी प्रत टाकताच टॅगची पुनरावृत्ती झाल्याची तक्रार येते. टॅग ‘लोकल’ करावा.

एक्सकॉस या सिम्युलिंकसारख्याच साधनात हा वादच उद्भवत नाही, कारण सुपरब्लॉक (तिथली सबसिस्टम) आकृतीत ओढला की त्याची प्रतच होते. तिथे दुरुस्ती प्रत्येक प्रतीत हाताने करावी लागते.

सिम्युलिंकमध्ये २००४ ला मॉडेल रेफरन्स (एका मॉडेलात दुसरं अख्खं मॉडेल वापरण्याची सोय) आलं. त्यातल्या मॉडेलला बाहेरच्या मास्कमधली चलं दिसत नाहीत, ती आर्ग्युमेंट म्हणून द्यावी लागतात. २०१९ च्या सबसिस्टम रेफरन्समध्ये सबसिस्टम स्वतःच्या फाइलमध्ये राहते आणि कुठल्याही एका जागी केलेला बदल सर्वत्र लागतो. तिथे सातव्या मागाचा भार मास्कमधूनच द्यावा लागतो.