लुईझ मॅलार्ड

मॅलार्ड, लुईझ : अमेरिकन लेखिका केट शोपॅन (१८५०–१९०४) यांच्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या लघुकथेची नायिका. एप्रिल १८९४ मध्ये लिहिलेली ही कथा त्याच वर्षी ६ डिसेंबरला ‘व्होग’मध्ये ‘द ड्रीम ऑफ ॲन अवर’ या नावाने छापून आली. दोन-तीन पानांच्या कथेत घडते ते सगळे तासाभरात.

लुईझचे हृदय अधू आहे. नवरा ब्रेंटली रेल्वे अपघातात गेल्याची बातमी बहीण जोसेफीन तिला चाचरत, आडवळणाने सांगते. मृतांच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर. मित्र रिचर्ड्सने दुसरी तार येईपर्यंत थांबून खातरजमाही केलेली. लुईझ बहिणीच्या मिठीत ढसाढसा रडते आणि मग वर जाऊन एकटी बसते. उघड्या खिडकीतून पालवी फुटलेले शेंडे दिसतात, पावसाचा वास येतो, खाली फेरीवाला ओरडत असतो, वळचणीला चिमण्या चिवचिवतात. त्या खुर्चीत तिच्या मनात काहीतरी शिरू लागते. ती ते परतवू पाहते, पण जमत नाही. मग ओठांतून शब्द निसटतो : मोकळी, मोकळी, मोकळी!

मराठीत दुसरा शब्द सुचत नाही आणि हाच शब्द अडचणीचा आहे. अंथरुणाला खिळलेली बाई गेली की आपण म्हणतो, ‘सुटली बिचारी, मोकळी झाली.’ लुईझ हा शब्द जगण्यासाठी उच्चारते. आयुष्य मोठे असावे अशी प्रार्थना करते. अजून कालच ते मोठे असेल या विचाराने तिच्या अंगावर काटा आला होता. खाली उतरते तर दारात ब्रेंटली उभा, हातात बॅग आणि छत्री. त्याला अपघाताची गंधवार्ताही नसते. ती जागीच कोसळते. डॉक्टरांचे निदान : अति आनंदाने हृदय बंद पडले.

तिला निष्ठुर ठरवणारे वाचक ब्रेंटलीकडे नीट पाहत नाहीत. तो मारकुटा नाही, व्यसनी नाही. त्याने तिच्याकडे प्रेमानेच पाहिलेले आहे. तिचेही त्याच्यावर कधी कधी प्रेम होते, पुष्कळदा नव्हते. वाईट नवऱ्यापासून सुटका हवीशी वाटणे कुणालाही पटते. शोपॅन त्यापुढे जातात : चांगल्या नवऱ्याची मर्जीसुद्धा मर्जीच असते. मला कथेचे सगळे बळ इथे वाटते. शोपॅन यांचे वडीलही १८५५ च्या रेल्वे अपघातात गेले. त्या वाढल्या विधवा आई, आजी, पणजीच्या घरात.

नावाकडेही पाहावे. निवेदन तिला आधी ‘मिसेस मॅलार्ड’ म्हणते, मग नुसते ‘ती’. ‘लुईझ’ ही हाक ऐकू येते ती मोकळेपणाची जाणीव झाल्यावर, बंद दाराच्या किल्लीच्या भोकातून. शेवटी रिचर्ड्स ब्रेंटलीला आडोसा करायला धावतो तेव्हा ती पुन्हा ‘त्याची बायको’ असते. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवरीचे नवे नाव काढतो. दाणे रेघेत परत घसरतात, म्हणून तीच रेघ पुन्हा गिरवावी लागते. नाशिकमध्ये ही कथा वाचताना ते ताट आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच काळातल्या इथल्या विधवेला अशी खिडकी मिळाली नसती. ब्राह्मण घर असेल तर केशवपन, लाल आलवण आणि माजघराचा अंधार. लुईझचे मोकळेपण तिच्या पैशाअडक्याच्या घरावर आणि वरच्या मजल्यावरच्या स्वतंत्र खोलीवर उभे आहे, हे विसरून तिची थोरवी गाऊ नये.

नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले अकराव्या वर्षी बोहल्यावर चढली आणि लक्ष्मीबाई टिळक झाली. कथा छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी लगेच त्यांची वाट धरली नाही. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आपल्या मनाने विचार केला आणि मग त्यांच्याकडे गेल्या. १९१९ मध्ये टिळक वारले. लक्ष्मीबाईंना त्यानंतर जवळपास सतरा वर्षे मिळाली; ‘स्मृतिचित्रे’ त्या वर्षांतली.