'प्रतिभा' हा शब्द आला कुठून

प्रभा, आभा, भानू, भास्कर या शब्दांत जो 'भा' आहे, तोच 'प्रतिभा'त आहे. भा म्हणजे प्रकाशणे. संस्कृतात 'प्रतिभाति' म्हणजे समोर प्रकट होते, मनात उजळते. म्हणजे माणसाच्या अंगचा गुण होण्याआधी प्रतिभा ही एक घडणारी गोष्ट होती, अचानक काही लख्ख दिसणे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात 'प्रातिभ' ज्ञान येते. त्यांवरची टीका असलेले व्यासभाष्य त्याला विवेकातून येणाऱ्या ज्ञानाचे पूर्वरूप म्हणते आणि सूर्योदयाआधीच्या प्रभेचा दाखला देते.

व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात तिला आणखी खोल नेले. सुटे शब्द ऐकता ऐकता वाक्याचा अर्थ एकदम उमगतो, ती त्याच्या लेखी प्रतिभाच. वसंतात कोकिळाला सूर कोण शिकवतो, पाखरांना घरटे बांधायला कोण शिकवतो, असेही तो विचारतो. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे प्रतिभा निवडक थोरांची मालमत्ता नाही, जीवमात्राची आहे.

निवडकांकडे ती गेली काव्यशास्त्रात. जुन्या काव्यशास्त्रकारांपैकी भामहाच्या मते काव्य निर्माण होते ते एखाद्याच प्रतिभावंताकडून. दुसरा काव्यशास्त्रकार दंडी अधिक उदार आहे. उपजत प्रतिभा, निर्मळ व्यासंग आणि अखंड प्रयत्न अशी तीन कारणे तो सांगतो. प्रतिभा नसली तरी श्रमाने उपासना केली तर वाग्देवी काहीतरी कृपा करतेच, असा दिलासाही देतो. पुढे दहाव्या शतकात रसविचाराचा मोठा आचार्य अभिनवगुप्त याचे गुरू भट्टतौत यांनी केलेली व्याख्या आजही सांगितली जाते: 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता', नवे नवे उन्मेष जिला फुटत राहतात ती प्रज्ञा. त्यांचा 'काव्यकौतुक' हा ग्रंथ हरवला, ही ओळ मात्र इतरांच्या अवतरणांतून उरली.

कवी राजशेखर कनौजच्या दरबारातला, पण आपले पणजोबा अकालजलद यांना तो 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणतो. त्याने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन भेद केले. कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. कविता लिहायला जशी प्रतिभा लागते तशीच ती समजून घ्यायलाही लागते, हे त्याने हजारेक वर्षांपूर्वी मांडले. प्रतिभा असेल तर न पाहिलेलेही प्रत्यक्ष होते, हे सांगताना तो मेधाविरुद्र आणि कुमारदास या जन्मांध कवींची नावे घेतो. मराठीत आपण कारयित्री तेवढी उचलली. वाचकाची प्रतिभा हा शब्दप्रयोग कानावर क्वचितच पडतो. तो रुळायला हवा.

बुद्धी आणि उजेड यांचे नाते मराठीला पहिल्यापासून ओळखीचे. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्याच ओवीत गणेश 'सकलमतिप्रकाशु' आहे. तरीही रोजच्या मराठीने प्रतिभा हा शब्द जपून वापरला. दहावी-बारावीच्या निकालानंतर सत्कार होतो तो 'गुणवंत' विद्यार्थ्यांचा. गणितात चटकन उत्तर काढणारी मुलगी 'हुशार', तिची बुद्धी 'तल्लख'. हिंदीत जी 'राष्ट्रीय प्रतिभा खोज परीक्षा' होती, ती आपल्याकडे 'राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा'. हा फरक मला अचूक वाटतो. परीक्षेत दिसते ती समज आणि तयारी. 'प्रतिभावंत' हे विशेषण आपण राखून ठेवतो ते आधी नसलेले काही घडवणाऱ्यासाठी, मग तो कवी असो, गायिका असो की शास्त्रज्ञ. हल्ली बातम्यांतून कुठल्याही चांगल्या खेळीला, कुठल्याही पदार्पणाला हा शब्द सर्रास लावला जातो, तेव्हा भट्टतौतांच्या व्याख्येतले 'नवनव' गळून पडते आणि उरते नुसते कौतुक. त्यासाठी गुणी, तरबेज, कसलेला, निष्णात असे नेमके शब्द आपल्याकडे आहेत.